गेली

मानमोडीच्या साली गेली, एवढंच घरात ठाऊक.
कोणी विचारलं तर आजोबा तंबाखू मळता मळता
"गेली" म्हणायचे
आणि मळायचे थांबायचे नाहीत.

दरवर्षी अविधवा नवमीला कडोलीच्या घरी
पणजीच्या नावानं सवाष्ण जेवायची.
परसात वेगळं पान: भाताची मूद, अळूचं फदफदं,
आणि कावळ्याला हाका मारणारी आम्ही पोरं.

आता वाटणीसाठी वंशावळ हवी झाली.
नागोजी भरमू तारिहाळकर, त्यांना एक मुलगा,
बायको मयत. साल?
चुलतभाऊ म्हणाला, घाल की अठरा, कोण बघतंय.

मी बघायला गेले.

त्या आश्विनात मृत्यूच्या वहीला पानं पुरली नव्हती.
कारकुनानं समासात आडवी नावं घातलेली, मोडीत.
देवलतकर मास्तरांनी भिंग धरून सगळी वाचली,
एकसष्ट माणसं, एकेका घरातली तीन-तीन.
आमचं घर एकदाही आलं नाही.
"ह्यात नाही बाई तुमची," म्हणाले.
मला हायसं वाटलं की वाईट, अजून सांगता येत नाही.

मग शहापुरात एका वाचनालयाचा माळा.
जुन्या साप्ताहिकाचे गठ्ठे, सुतळीनं आवळलेले.
धूळ उडाली की शिंक, शिंकलं की पानाचा तुकडा हातात.
सोन्याचा भाव, नाटक कंपनीचा मुक्काम, तापावरचा काढा,
आणि काढ्याच्या खाली बोटभर जागेत:

'नोटीस. माझी बायको नामे गोजराबाई, वय सुमारे बावीस,
कार्तिक वद्यात न सांगता घरातून निघून गेली आहे.
तिला कोणी उसनवार देऊ नये. दिल्यास आम्ही जबाबदार नाही.
ना. भ. तारिहाळकर, मु. कडोली.'

म्हणजे घरचे खोटं बोलले नव्हते.
गेली म्हणाले, आणि गेलीच होती.
क्रियापद खरं होतं.
हार आम्ही घातला त्याला.

चिकोडी, हुक्केरी, संकेश्वर. मला कानडी येतं ते बाजारापुरतं,
मिरचीचा भाव पाडण्याइतकं. मेलेल्यांची चौकशी
त्या कानडीत होत नाही.
गोकाकच्या कचेरीत ईराप्पा हुदली म्हणून एक जण
जेवणाची सुट्टी मोडून माझ्याबरोबर बसला,
आणि तिसऱ्या दिवशी बोट टेकवून म्हणाला, "इल्लि नोड्री."

गोजरव्वा. वय अंदाजे साठ. सूतगिरणीत कामाला.
मूळ गाव उचगाव.
नवऱ्याचं नाव: एक आडवी रेघ.
खबर देणारी निंगव्वा, शेजारीण, तिचा अंगठा.
एकोणीसशे सत्तावन्न, जूनची चार.

"हीच कशावरून?" ईराप्पानंच विचारलं.
बरोबर आहे. माझी पणजी उचगावची,
पण उचगावात गोजरा काय एकच जन्मली?
मी त्या रेघेकडं बघत राहिले.
शाई तिथं जरा जाड झालेली,
लिहिणाऱ्यानं दुसऱ्यांदा विचारलं असावं.

आम्ही कावळ्याची वाट बघायचो
त्याच्याही आधीपासून, आजोबांच्या लहानपणापासून
ते पान वाढलं जात होतं. एकोणचाळीस वर्षं
ती गिरणीच्या भोंग्याला डबा सोडत असणार,
निंगव्वाकडं मीठ उसनं मागत असणार,
आणि मिळत असणार.

ती निघाली तेव्हा आजोबा तीन वर्षांचे होते.
हे मला कुठल्याच वहीत बसवता येत नाही.

यंदा नवमीला आई म्हणाली, काय करायचं गं?
पणजोबा एकतिसात वारले, म्हणजे ही सवाष्ण गेली नाही.
मग कुठल्या तिथीला घालायचं?
ईराप्पाला फोन लावला. त्यानं घरातलं पंचांग
कुणाकडून तरी बघवून संध्याकाळी कळवलं:
ज्येष्ठ शुद्ध षष्ठी.
"कानडी पंचांगातली हाय ही," म्हणाला, "चालंल न्हवं तुम्हाला?"
आई म्हणाली, आपल्यातही तीच.

वंशावळीचा कागद माझ्या पिशवीतच आहे.
सालाच्या रकान्यात पेन्सिलीनं दोन आकडे आहेत.
भाऊ रोज फोन करतो.